रोवलेला पाय

रात्रपाळी सहाला सुटते.
चीजच्या कारखान्यापासून शाळेच्या हॉलपर्यंत
अकरा मिनिटं, उणे चौदात.
कुपिश्किस अजून झोपलेलं.
बोटं मिठाच्या पाण्यानं सुरकुतलेली,
केसांना आंबूस वास.

हॉलची किल्ली गेनोवाइतेकडे असते,
शाळेनं कधी परत मागितलीच नाही.
वय एकाहत्तर, एक गुडघा धातूचा,
स्वेटरवर आणखी एक स्वेटर.
एकेकाळी विल्नियसच्या संघात होती, म्हणे;
ती स्वतः सांगत नाही.
सांगते एवढंच : बूट बांध. नीट.

आमच्या पाळीच्या संघातली पाचवी, रामुने,
स्टावांगरला गेली, मासे सोलायला.
म्हणून मी.
सदतीस वर्षांची, बेताच्या उंचीची,
शाळेत कायम बाकावर बसून
इतरांच्या जर्सी सांभाळलेली.
विचारलं, तशी एका पायावर तयार झाले.
गेनोवाइते म्हणाली, "बरंय. आधी तो एकच पाय शिकू."

पहिल्या दिवशी तिनं खडू काढला,
कण्हत खाली वाकली
आणि माझ्या उजव्या बुटाभोवती रेघ ओढली.
"हा इथं.
बाकीची तू कुठंही जा."

बास्केटकडे बघायचंही नाही.
चेंडू हनुवटीखाली, कोपरं बाहेर,
गुडघे वाकलेले, अजून, अजून,
आणि डावा पाय पुढे, मागे, आडवा,
कर्कटकाच्या पेन्सिलीसारखा.
टोक जरा सरकलं
की ती ओरडते, "झिंग्स्नेइ!"
पावलं.
आमच्याकडे त्या फाउलचं नाव एवढंच.

तीन आठवडे.
एक चेंडू, बंद हीटर, दोघींच्या तोंडची वाफ.
ती लंगडत अंगावर यायची,
हात पसरून, म्हाताऱ्या करकोच्यासारखी,
आणि मी दचकून नेमका तोच पाय उचलायचे.
"घाबरलं की पळावंसं वाटतं," ती म्हणायची.
"पळ ना.
पण आधी चेंडू कुणाला तरी दे."

काल स्वयंपाकघरात
उकळत्या बटाट्यांकडून सिंककडे वळले
तर उजवा पाय जागचा हललाच नव्हता.
मुलगा म्हणाला, आई, हे काय चाललंय तुझं?
त्याचे बाबा ड्रॉहेडात छपरं घालतात.
दर रविवारी फोनवर तेच :
खोली मोठी घेतलीय,
शाळा जवळ आहे,
आता कशासाठी थांबलीयस?
मी बटाटे गाळत होते.
वाफेनं चष्मा धुरकटला, ते बरंच झालं.

आज खडू निघाला नाही.
तिनं टप्पा देऊन चेंडू पाठवला,
तो कमरेशी आला,
मी घेतला, दोन्ही पायांवर एकदम उतरले
आणि ती आली.
डावीकडे खोटं पाऊल टाकलं. तिला ते कळलं.
पुन्हा टाकलं.
मग पाठ तिच्याकडे करून गर्रकन फिरले,
कानाशी तिचा श्वास, कांद्याचा,
आणि समोर एकाएकी बास्केट :
गंजलेली रिंग, जाळीत मारलेली एक गाठ.
इतक्या दिवसांत मला ती गाठ दिसलीच नव्हती.

टाकला.
फळीला नुसता घासून चेंडू बाकांखाली गडगडत गेला.

आणायला कुणी गेलं नाही.
गेनोवाइते माझ्या बुटाकडे बघत उभी होती,
दुकानदार तराजूच्या काट्याकडे बघतो तशी.
"हं," म्हणाली.
मग कोटाची बटणं लावता लावता,
दाराशी पोचल्यावर :
"उद्या डावा."

साडेसातला पोरं येतात, दप्तरं फेकतात,
हॉल क्षणात भरून जातो.
खडूची जुनी रेघ अजून पुरती पुसलेली नाही.
तिसरीतला एकजण तिच्यात पाय ठेवून बघतो.
मग दुसराही ठेवतो.
दोन्ही मावतात.